अपेक्षाभंगाचें इंग्रजी

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक विद्यार्थी एका पत्राचा मसुदा घेऊन आमच्याकडे आला. मुलगा सेनगांव तालुक्यांतला, जमीन कोरडवाहू, घरांत पदवीच्या वर्गापर्यंत पोंचलेला हा पहिलाच. परीक्षेस तो हजर होता. गुणपत्रकावर मात्र एका विषयापुढें 'गैरहजर' असा शेरा पडला होता. त्यानें कचेरीस इंग्रजींत पत्र लिहिलें होतें, कारण मराठी पत्रास वजन नसतें अशी त्याची समजूत. आरंभीं 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट', मध्यें घरच्या हलाखीचें वर्णन, आणि ऐन मोक्याच्या जागीं 'आय ॲम व्हेरी डिसअपॉइंटिंग बाय युवर गुडसेल्फ' हें वाक्य. कचेरीनें आपली निराशा केली असें सांगावयास निघालेला हा मुलगा, लोकांची निराशा करणारे आपणच आहोंत, असें स्वहस्तें लिहून देत होता! त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, त्या दीड पानांत परीक्षेचा दिवस नव्हता, आसनक्रमांक नव्हता, विषयाचें नांव नव्हतें, आणि कचेरीनें नेमकें काय करावें हेंही नव्हतें. 'काइंडली डू द नीडफुल' एवढ्यावर सर्व भार टाकलेला होता.

आम्हांस प्रथम हसूं आलें आणि लगेच त्याची लाज वाटली. त्या मुलाचें एक वर्ष या पत्रावर अवलंबून होतें.

'हें कोठून शिकलास?' असें विचारतां त्यानें पिशवींतून एक पुस्तक काढलें. इंग्रजी पत्रलेखनाचीं असलीं मार्गदर्शक पुस्तकें हिंगोलीच्या बाजारांत, किंबहुना महाराष्ट्रांतील कोणत्याही तालुक्याच्या गांवीं, वह्या विकणाऱ्या दुकानांतून मिळतात. त्यांची समीक्षा सहसा कोणी करीत नाहीं. कथा-कादंबऱ्यांचीं परीक्षणें लिहिणारे आम्ही लोक त्यांस वाङ्मय मानीतच नाहीं. परंतु आमच्या जिल्ह्यांत कादंबरी वाचणारे किती आणि हीं पुस्तकें उघडणारे किती, याचा विचार केला म्हणजे ही उपेक्षा बरी वाटत नाहीं. आम्हीं तें पुस्तक ठेवून घेतलें, आणखी दोन विकत आणलीं, आणि तिन्ही साद्यंत वाचलीं. तक्रारीचे नमुने तिन्हींत आहेत. पण त्या तक्रारी कोणाच्या? कोणी तरी दूरच्या शहरांतून पुस्तकें मागविलीं, तीं फाटकीं निघालीं. कोणाच्या गल्लींतले दिवे बंद आहेत. पिकाचा विमा, शिष्यवृत्ति, बँकेंत अडकलेलें अनुदान, चुकीचा शेरा, या आमच्याकडील रोजच्या गोष्टींचा पत्ता नाहीं. शिवाय प्रत्येक नमुन्यांत नम्रतेच्या दोन ओळी, संतापाच्या दोन ओळी, आणि पुन्हां नम्रतेच्या दोन ओळी, अशी एक ठराविक बांधणी आहे. प्रथम पायां पडावयाचें, मग ओरडावयाचें, आणि ओरडल्याबद्दल पुन्हां पायां पडावयाचें! अपेक्षाभंग नांवाची जी एक स्वतंत्र भावना आहे, जिच्यांत लाचारीही नाहीं आणि भांडणही नाहीं, तिचा एकही धड नमुना या तीन पुस्तकांत आम्हांस आढळला नाहीं.

याचें खापर एकट्या पुस्तककर्त्यांच्या माथीं फोडणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. अडचणीचा कांहीं भाग भाषेंतच आहे. मराठींत 'निराशा' हा शब्द दोन कामें करतो. पाऊस गेला, पीक गेलें, आतां कांहीं उरलें नाहीं, ही निराशा. आणि पाहुणा येतों म्हणाला व आला नाहीं, हीही निराशाच. पहिलींत आशेचाच अंत आहे. दुसरींत एका विशिष्ट अपेक्षेचा भंग आहे, आशा शाबूत आहे. दुसरीसाठीं आपल्याजवळ हिरमोड, विरस, अपेक्षाभंग हे शब्द आहेत; पण हिरमोड व विरस घरगुती, आणि अपेक्षाभंग पुस्तकी. कचेरींत चालेल असा मधला शब्द नसल्यामुळें सर्वत्र निराशेचीच वर्णी लागते. मग विद्यार्थी कोशांत निराशा पाहतो, आणि त्याच्या हाताला 'होपलेस' लागतो. 'आय ॲम होपलेस' असें लिहिणारा मनुष्य इंग्रज वाचकास, मी अगदीं कुचकामाचा आहें, असें सांगत असतो. असलें एक पत्र एका बँकेच्या व्यवस्थापकास खरोखर गेलेलें आम्हीं पाहिलें आहे.

इंग्रजी शब्दाचें मूळ या बाबतींत मोठें बोधप्रद आहे. 'डिसअपॉइंट' हा शब्द फ्रेंचांतून पंधराव्या शतकांत इंग्रजींत आला, त्या वेळीं त्याचा अर्थ नेमणूक काढून घेणें, पदावरून दूर करणें असा होता. आधीं नेमणूक, मग तिचा भंग. मनाची खिन्नता हा अर्थ मागाहून आला. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, हा शब्द वापरणारानें 'नेमणूक' कोणती होती तें आधीं सांगितलें पाहिजे. कोणीं शब्द दिला होता, कोणता नियम होता, कोणती तारीख ठरली होती? तें न सांगतां नुसतें मी निराश झालों म्हणणें म्हणजे खरेदीखत न दाखवितां जमीन माझी म्हणण्यासारखें आहे.

व्याकरणाचा भाग थोडक्यांत आटोपतों. निराशा करणाऱ्या गोष्टीस 'डिसअपॉइंटिंग', ज्याची निराशा झाली त्या मनुष्यास 'डिसअपॉइंटेड'. एवढा भेद संभाळला तरी निम्मे प्रमाद टळतील. अक्षरांत एस एक, पी दोन. पुढें येणाऱ्या शब्दयोग्यांचें म्हणाल तर, कृति किंवा वस्तु असल्यास 'विथ', बातमी किंवा घटना असल्यास 'ॲट' अथवा 'बाय', आणि मनुष्य असल्यास 'विथ' किंवा 'इन'. यांतील 'इन' जपून वापरावें. 'डिसअपॉइंटेड इन यू' असें म्हटलें कीं ठपका केवळ एका कृत्यावर राहत नाहीं, त्या मनुष्याच्या योग्यतेवरच जातो. बापानें मुलास तें म्हणावें, अर्जदारानें कारकुनास म्हणूं नये. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांस सांगून पटत नाहीं. ती ही कीं, 'व्हेरी' घातल्यानें इंग्रजी निराशेचें वजन वाढत नाहीं, पुष्कळदां घटतें. 'मला अमुक तारखेस तें पाहून वाईट वाटलें' अशा भूतकाळी, थंड वाक्यानें वाचणारा जितका सावध होतो, तितका तो 'व्हेरी व्हेरी'नें होत नाहीं.

याहून खोल अडचण आदराची आहे. मराठींत आदर हा सर्वनामांत आणि क्रियापदांत मुरलेला असतो. 'आपण कळविलें नाहींत' या वाक्यांत तक्रार आहे आणि मानही आहे. मानासाठीं वेगळा शब्द खर्चावा लागत नाहीं. इंग्रजींत येतांच हें छत्र नाहींसें होतें. साहेबालाही 'यू' आणि गड्यालाही 'यू'! आमचा मुलगा घाबरतो. उघडें पडल्यासारखें वाटून तो 'गुडसेल्फ', 'हंबल', 'काइंडली' अशीं पांघरुणें एकावर एक घालूं लागतो, आणि त्यांच्याखालीं तक्रार गुदमरून जाते. 'गुडसेल्फ'ला आपण हसतों खरें, पण तें बिचाऱ्या 'आपण'चेंच इंग्रजी आहे.

आमच्या भागांत या पांघरुणांस आणखी एक इतिहास आहे. हिंगोली १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होती. कचेरीची भाषा उर्दू. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांतही शिक्षणाचें माध्यम उर्दू आणि इंग्रजी हा एक सक्तीचा विषय. मुंबई-पुण्याकडे इंग्रजी ही सरकाराशीं बोलण्याची भाषा म्हणून आली. आमच्याकडे सरकाराशीं बोलावयाचें तें उर्दू दरख्वास्तींतून. दरख्वास्तीचें वळण फारसी अर्जाचें: 'जनाबे आली'पासून आरंभ, स्वतःस 'फिदवी' म्हणावयाचें, आणि 'गुजारिश' करावयाची. पुढें राज्य बदललें, भाषा बदलली, पण अर्जाचा सांगाडा तोच राहिला. 'आय बेग टु स्टेट' हें आमच्या मुलांच्या कानांस इतकें ओळखीचें वाटतें याचें कारण त्यांच्या पणज्यांनीं तेंच दुसऱ्या लिपींत लिहविलें होतें.

आमचे वडील लहानपणीं उर्दू शाळेंत शिकलेले. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका संस्थेंत अध्यापकाची जागा आम्हांस मिळावयाची होती; तसें आश्वासन तोंडीं मिळालें होतें, आणि ऐन वेळीं ती जागा दुसऱ्यास गेली. आम्ही तेव्हां नुकतेच इंग्रजी वाङ्मय घेऊन एम. ए. झालेले. चार पानांचें पत्र लिहिलें. त्यांत न्याय होता, नियति होती, एकोणिसाव्या शतकांतील दोन निबंधकारांचीं वळणें होतीं. पाठविण्यापूर्वीं वडिलांस मराठींत अर्थ सांगितला. ते शांतपणें म्हणाले, 'अरे, हा अर्ज आहे कीं कीर्तन?' आम्हीं रागानें तें तसेंच टाकलें. दीड महिन्यानें उत्तर आलें; त्यांत इतकेंच होतें कीं, आपणांस कोणता कागद पाहिजे आहे तें कळवावें. मुलाखत कोणत्या दिवशीं झाली, आश्वासन कोणीं दिलें, यांपैकीं एकही गोष्ट आमच्या चार पानांत नव्हती. तेव्हां सेनगांवच्या त्या मुलास हसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, हें वाचकांस दिसेलच.

आतां प्रश्न असा कीं, मराठी माणसानें अपेक्षाभंगाचें चांगलें इंग्रजी कधीं लिहिलेंच नाहीं काय? लिहिलें आहे, आणि फार पूर्वीं. दादोबा पांडुरंग हे मराठीचे व्याकरणकार म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. त्यांचे धाकटे बंधु भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनीं १८४१ सालीं 'बाँबे गॅझेट' या पत्रांत 'ए हिंदू' या टोपणनांवानें आठ पत्रें लिहिलीं. वय पंचविशीच्या आसपास. विषय, इंग्रज सरकाराच्या राज्याकडून झालेला अपेक्षाभंग. या पत्रांत राग भरपूर आहे, कोठें कोठें तो आवरतही नाहीं. पण त्यांतील एक युक्तिवाद लिहिण्याची रीत म्हणून पाहण्याजोगा आहे. पेंढाऱ्यांच्या लुटीपासून तुम्हीं आम्हांस सोडविलेंत, याचें श्रेय क्षणभर देऊं. परंतु तुमच्या व्यापारानें देशांतलें द्रव्य ज्या प्रमाणांत बाहेर जात आहे त्यापुढें पेंढारी फिके पडतात, असा त्याचा आशय आहे. आधीं समोरच्याचा दावा त्याच्याच मापानें मोजला आणि मग त्याच मापानें तूट दाखविली. अपेक्षा लेखकाची खासगी नाहीं, राज्यकर्त्यांनींच ती जाहीर केलेली आहे. म्हणून भंगही नाकबूल करतां येत नाहीं.

जोतीराव फुले यांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं हंटर शिक्षण आयोगास जें इंग्रजी निवेदन दिलें तें याहून साधें आणि आमच्या मतें याहून श्रेष्ठ आहे. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमांतून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हें त्यांतील मुख्य गाऱ्हाणें. पण निवेदन गाऱ्हाण्यावर थांबत नाहीं. आरंभीं आपण स्वतः शाळा काढून चालविल्याचा अनुभव, मग तूट, आणि मग मागण्या, त्याही अशा कीं अधिकाऱ्यानें तशाच्या तशा टिपून घ्याव्या: प्रमाणपत्र असलेल्या शिक्षकास बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोडी व बाळबोध लिहिणें-वाचणें, हिशेब आणि शेतीची तोंडओळख शिकवावी. दुःख मोठें आहे, पण शेवट बारा रुपयांशीं येऊन ठेपतो. आणि त्यामुळें तें लहान होत नाहीं, उलट त्याला पाय फुटतात.

एक फसलेला नमुना आमच्याच अंगणांतला आहे. हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. या फौजेच्या खर्चापोटीं १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेलें, १९०२ सालीं तें कायमच्या पट्ट्यानें सालीना पंचवीस लाख रुपयांवर त्यांच्याकडेच राहिलें, आणि पुढच्या वर्षीं ती फौज हिंदी सैन्यांत विलीन झाली. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड दिसत असे, पण तें आपल्या राजाचें उरलें नव्हतें. फौज गेली तरी तिच्यासाठीं दिलेला मुलूख परत नाहीं, हा अपेक्षाभंग खरा होता. १९२३ मध्यें निजाम उस्मान अली खान यांनीं वऱ्हाड परत मागितलें. मागणी नाकारली गेल्यावर त्यांनीं जें पुन्हां लिहिलें त्यांत, परराष्ट्रव्यवहार सोडल्यास आपण अंतर्गत कारभारांत ब्रिटिश सरकाराच्या बरोबरीचे आहोंत, असा दावा केला. त्यास लॉर्ड रीडिंग यांनीं २७ मार्च १९२६ च्या पत्रानें उत्तर दिलें. हें उत्तर इंग्रजी गद्याचा थंडगार नमुना आहे. व्हाइसरॉयनीं हात घातला तो बरोबरीच्या दाव्याला; ब्रिटिश सार्वभौमत्व सर्वश्रेष्ठ आहे असें बजावलें, आणि वऱ्हाडाचा मूळ प्रश्न त्या बजावणीच्या सावलींत विझून गेला. दावा न करतां वऱ्हाड मिळालें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. तेवढे आम्ही भोळे नाहीं. पण पत्रलेखनाच्या दृष्टीनें चूक स्पष्ट आहे. आपल्या तक्रारीपेक्षां उत्तर देण्यास सोपी अशी एक गोष्ट लेखकानें प्रतिपक्षाच्या हातीं दिली. आमच्या विद्यार्थ्यानें आपल्या हलाखीवर पाऊण पान लिहिलें त्यांतही हाच धोका होता. कचेरी सहानुभूति कळवून मोकळी झाली असती.

या सर्वांत आम्ही वारंवार वाचतों तें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें मंत्रिपदाच्या राजीनाम्याचें निवेदन. २७ सप्टेंबर १९५१ रोजीं त्यांनीं राजीनामा दिला; १० ऑक्टोबरला संसदेंत निवेदन करावयाचें होतें, पण प्रत आधीं द्यावी या मुद्द्यावरून तें सभागृहांत होऊं शकलें नाहीं, आणि त्यांनीं तें बाहेर प्रसिद्ध केलें. चार वर्षांचा साठलेला अपेक्षाभंग या लेखांत आहे, आणि तरीही तो एखाद्या हिशेबाच्या वहीसारखा वाचतां येतो. नियोजनाचें खातें देण्याचें पंतप्रधानांनीं बोलून दाखविलें होतें. तें खातें निघालें तेव्हां आपणांस वगळलें. मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांवर आपणांस घेतलें नाहीं. अनुसूचित जातींची स्थिति जशी होती तशीच आहे. परराष्ट्रधोरणामुळें मित्र राहिले नाहींत, आणि साडेतीनशें कोटींच्या महसुलांतून सुमारें एकशेंऐंशीं कोटी सैन्यावर जातात. शेवटीं हिंदु कोड बिल: चार कलमें मंजूर होऊन तें सोडून दिलें गेलें. प्रत्येक बाबतींत आधीं शब्द, मग कृति, मग दोहोंतील अंतर. विशेषणें फार थोडीं.

हा क्रम आम्हांस विचार करण्यासारखा वाटतो. आरंभ वैयक्तिक अन्यायापासून आहे आणि शेवट विधेयकावर. कोणी म्हणेल कीं, खात्याची तक्रार पहिली घातल्यानें उगाच क्षुद्रपणाचा संशय येतो. आम्हांसही पूर्वीं तसें वाटे, आणि वर्गांत आम्हीं तसें शिकविलेंही आहे. आतां आमचें मत बदललें आहे. जी गोष्ट प्रतिपक्ष पाठीमागें कुजबुजणार, ती यांनीं स्वतःच पहिल्यानें मांडून टाकली, आकारानें लहान ठेवली, आणि मोठ्या कारणास जागा करून दिली. प्रकृति बरी नाहीं म्हणून जात आहेत, असें कोणी म्हणूं नये यासाठीं तीही शंका त्यांनीं तेथेंच निकालांत काढली. निवेदनांत कडवटपणा आहे, तो लपविलेला नाहीं; परंतु तो वस्तुस्थितीनंतर येतो, तिच्या जागीं येत नाहीं. इंग्रजी शुद्ध असल्यामुळें हें साधलें असें नव्हे. अपेक्षा काय होती हें लिहिणारास नक्की ठाऊक होतें, आणि ती बाळगण्याचा आपणांस अधिकार होता याबद्दल त्याच्या मनांत संशय नव्हता.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, हा सारा खटाटोप इंग्रजींतच कशाला? राज्यकारभाराची भाषा मराठी असावी असा कायदा महाराष्ट्रांत १९६४ सालींच झालेला आहे. आक्षेप रास्त आहे. राज्य सरकारच्या कचेरीस मराठींतच लिहावें असें आम्ही मुलांस नेहमीं सांगतों. पण विमा कंपनी, बँकेचें मुख्य कार्यालय, दिल्लीचें मंत्रालय, परप्रांतांतला मालक, हे मराठी वाचीत नाहींत, आणि आमचीं मुलें आतां त्यांच्याच दारीं जातात. शिवाय मराठींतले त्यांचे अर्ज तरी कोठें वेगळे असतात? दोष भाषेचा असता तर भाषा बदलून भागलें असतें. आणि गंमत अशी कीं, ज्या नरसीस परंपरा संत नामदेवांचें जन्मस्थान मानते, ती याच जिल्ह्यांत आहे. त्या शिंप्यानें प्रत्यक्ष विठ्ठलास 'तूं' म्हणून, तुझें ब्रीद काय आणि तूं करतोस काय, असा रोकडा जाब विचारला. ब्रीद म्हणजे देवानेंच दिलेला शब्द. त्याच गांवाजवळचीं आमचीं मुलें परीक्षेच्या कारकुनापुढें 'बेग' करतात.

असो. त्या दिवशीं आम्ही दोघे तासभर बसलों. पत्र सहा वाक्यांवर आलें: नांव व आसनक्रमांक, अमुक विषयाच्या परीक्षेस अमुक दिवशीं अमुक केंद्रावर हजर होतों, हजेरीपटावर सही केली आहे, गुणपत्रकावर मात्र गैरहजर असा शेरा आहे, हजेरीपट तपासून सुधारलेलें गुणपत्रक द्यावें, पुढील प्रवेशाची मुदत अमुक तारखेस संपते. मुलगा तें वाचून खट्टू झाला. 'सर, यांत मला वाईट वाटलें तें कोठेंच आलें नाहीं,' तो म्हणाला. आम्ही म्हणालों, 'अजून त्यांनीं तुझा अपेक्षाभंग केलेला नाहीं. त्यांच्याकडून नुसती चूक झाली आहे. त्यांनीं काय करावयास हवें तें तूं आज प्रथमच सांगतो आहेस.'

तीन आठवडे गेले, उत्तर नाहीं. मुलगा पुन्हां आला. या वेळीं मसुदा त्याचा त्यानेंच केला होता. पहिल्या वाक्यांत आधींच्या पत्राची तारीख होती, दुसऱ्यांत प्रवेशाच्या मुदतीस आतां नऊ दिवस उरले आहेत हें होतें. खालीं थोडी जागा कोरी ठेवली होती. त्यानें विचारलें, 'सर, आतां तो शब्द घालूं का?' आम्ही म्हटलें, 'आतां घाल. आणि पी दोन आहेत, हें विसरूं नकोस.'